भालजींचे पिक्चर परत थेटरात लावा की

संपादक साहेब, नमस्कार.
परवा भालजी पेंढारकरांचा १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' घरी टीव्हीवर लावला, ब्लॅक अँड व्हाइट, आवाज मधेच खरखरतोय, तरी नववीतली नात मोबाईल बाजूला ठेवून शेवटपर्यंत बसली बघा. का, तर त्यात घोडे खरे, धूळ खरी, गर्दीतला माणूस न् माणूस खरा, आत्ता कॉम्प्युटरवर हजारो सैनिक काढतात ते बघून अंगावर काटा येत नाही हो. १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत अजून श्वास रोखायला लावते ती त्याच्यामुळेच. आणि भालजींचा तर कोल्हापूरचा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत जळलेला, तो परत उभा करून त्यांनी पिक्चर काढले!
'मुघल-ए-आझम' २००४ ला रंगीत करून परत थेटरात आणला, मग आपले मराठी का नकोत? बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, येळ्ळूर-खानापूरची माणसं पोरं खांद्यावर घेऊन उभी असतात, म्हणजे बघणारे आहेतच. त्या आठवड्यात कुणी थेटरवाल्यानं चार शो तरी लावावेत, आम्ही सगळं घर घेऊन येतो.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव