ताकद गोव्यातच राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्कश सायलेन्सरवरील पोलीस कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात आणि त्यांचा रोख बहुधा दुचाकीस्वारांवर असतो. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोटारींचे सायलेन्सर बदलून घेणारेही कमी नाहीत, आणि त्यामागे केवळ दांडगाई नसून एक प्रामाणिक गैरसमजही असतो, असे माझे मत आहे. ज्या पाइपने आवाज वाढतो त्यानेच इंजिनाची ताकदही वाढते, हा तो गैरसमज. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 25 वर्षे फॅब्रिकेशनचे काम करूनही मी त्याला बळी पडलो, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी 1.2 लिटरची, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे चक्र) नसलेली पेट्रोल गाडी आहे. मुलाच्या हौसेखातर गोव्यातील एका गॅरेजमध्ये तिला आम्ही अडीच इंची ‘फ्री-फ्लो’, म्हणजे कमी अडथळ्याचा, पाइप बसवून घेतला. किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी मोकळी पळू लागल्यासारखी वाटली आणि चिरंजिवांनी पैसे वसूल झाल्याचे जाहीर केले. चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगावात पोहोचेपर्यंत तो जोर ओसरला होता. उरला होता तो आवाज. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच ताकद देत असल्यामुळे 80 अश्वशक्तीच्या गाडीचे पाच-सहा घोडे घाटातच गळतात. अशा लहान इंजिनाला मागचा पाइप बदलून फार तर दोन-तीन घोड्यांचा लाभ होतो. म्हणजे घाट उतरताच जे फुकट मिळाले होते, ते आम्ही पाइपच्या खात्यावर जमा करून आलो. जाताना जुन्या सायलेन्सरवरही गाडी तशीच पळाली असणार, पण तेव्हा लक्ष कोणाचे होते?

पाइप जितका रुंद तितका चांगला, हे गॅरेजमधील वाक्यही अर्धेच खरे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडताच दाबाची एक लाट पाइपमधून धावते आणि पाइप जेथे रुंदावतो तेथून तिचा उलटा, म्हणजे कमी दाबाचा, पडसाद इंजिनाकडे परततो. तो नेमक्या वेळी पोहोचला, तर सिलिंडरमधील उरलासुरला जळका वायू खेचून काढण्यास मदत करतो. हे गणित प्रामुख्याने इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे ‘हेडर’च्या, नळ्यांच्या लांबीवर ठरते, मागच्या बंपरखालच्या चकचकीत तोंडाचा त्यात काहीही वाटा नसतो. शिवाय पाइप अवाजवी रुंद झाला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) पिकअप पडतो. आमच्या गाडीचे तेच झाले. टर्बो गाडीची गोष्ट निराळी आहे, कारण टर्बोच्या मागचा अडथळा कमी होताच चक्र लवकर फिरू लागते आणि सोबत रीमॅप केले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील मापे बदलली, तर फरक जाणवण्याजोगा असतो.

आवाजाबद्दल मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण त्रास तिथे झाला. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. त्यामुळे 2700 आरपीएमला सेकंदाला 90 स्पंदने निर्माण होतात, आणि महामार्गावर आमची गाडी नेमकी तेवढ्यावरच चालते. कोल्हापूरपर्यंतच्या सुमारे 110 किलोमीटरच्या प्रवासात ती घुमणारी घरघर इतकी असह्य झाली की सौभाग्यवतींनी परतीला बस धरली. आतून भोके पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर, अशा रचनेचा सायलेन्सर तीव्र आवाज शोषतो, पण ही खोल घरघर त्यातून सहज निसटते. तिच्यावर उपाय आहे. मुख्य पाइपला, दुसरे टोक बंद असलेली, सुमारे सव्वा मीटर लांबीची बाजूची नळी जोडली की तेवढाच सूर आतल्या आत मारला जातो. लांबी वायूच्या तापमानावर ठरते, त्यामुळे थोडे कापून, थोडे वाढवून पाहावे लागते. उद्यमबागेतील कोणताही चांगला कारागीर हे काम करील, फक्त त्याला सांगणारा हवा. पाइप वाकवताना तो चेपू देऊ नये आणि खानापूरकडच्या पावसाचा विचार करून साध्या पत्र्याऐवजी 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, एवढे मी माझ्या धंद्यातून सांगतो.

धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र कोणीही हात लावू नये. ‘जाळी काढली की गाडी सुटते’ असे सांगणारे गॅरेजवाले प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंचा तो महागडा भाग स्वतःकडे ठेवून घेतात, आणि पुढे डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला की गिऱ्हाईक पुन्हा दारात येते.

कायद्याबाबतही येथे एक सोयीस्कर समज आहे की राज्याच्या हद्दीपलीकडे बसवलेल्या पाइपला हद्दीच्या या बाजूचा नियम लागू होत नाही. मोटार वाहन कायदा 1988 हा केंद्राचा आहे; महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला काय नि चोर्ला उतरला काय, आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे, आणि बेळगावच्या कॅम्प भागात तर शाळेला लागून शाळा आहे.

पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्यांवर रोलर जरूर फिरवावा, परंतु त्या बसवणाऱ्या गॅरेजांनाही पावतीवर कोणता भाग काढला, कोणता बसवला आणि आवाज किती डेसिबल भरला, हे लिहून देणे बंधनकारक करावे, अशी माझी परिवहन खात्याला विनंती आहे. आमच्या पावतीवर फक्त ‘काम केले’ एवढेच लिहिले होते. मूळ सायलेन्सर माळ्यावर होता, तो मी परत चढवला; तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 वरून 80 वर जायला गाडी दोन्ही पाइपांवर जवळपास 10 सेकंदच घेते, हे मुलाने स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव