लाल वह्या जपून ठेव

जिनिव्हा
डिसेंबर, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर आईनं जे विचारलं, त्याचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं नाही. "गल्लीत समदी म्हणत्यात, तुझी लेक तिकडं विड्या बंद करायच्या कामावर हाय. खरं काय गं?" एवढं बोलून तू फोन बाबांच्या हातात दिलास, आणि बाबांनी नेहमीसारखं थंडी किती आहे ते विचारलं. आठवडाभर तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. फोनवर घाईत अर्धवट काहीतरी सांगून बसले असते, म्हणून लिहिते. बाबा, हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आधी सरळ उत्तर. होय आई, खरं आहे. मी ज्या करारावर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर, काम करते, तो लोकांचं तंबाखू ओढणं आणि खाणं कमी व्हावं यासाठीच झालेला आहे. विडीही त्यात आलीच. मला तो हेतू मनापासून पटतो. काकांना मिरजेला दवाखान्यात नेलं तेव्हाचं तुला आठवत असेल. शेवटी पाण्याचा घोटसुद्धा गळ्याखाली उतरत नव्हता, चमच्यानं ओठ ओले करावे लागायचे. तू वळून ठेवलेल्या विड्यांतली एखादी ते येता-जाता सुपातून उचलायचे आणि तू लटकं रागवायचीस. त्या दिवसांपासून तू सुपाकडं बघून एक शब्दही बोलली नाहीस. मला ते तेव्हाही दिसत होतं.

पण उत्तर इथं संपत नाही. उरलेलं कधी नीट सांगितलंच नाही, ती चूक माझी.

इथं नोकरी लागली तेव्हा एक जाहीरपत्र भरून द्यायचं होतं. तंबाखूच्या धंद्याशी तुमचा किंवा घरच्यांचा काही संबंध आहे का, असा त्यात प्रश्न होता. करारातच तसं कलम आहे, ५.३. आरोग्याचे नियम ठरवताना तंबाखू कंपन्यांचा हात त्यात शिरू नये, यासाठी ते आहे. मी लिहिलं: आई, घरी बसून विड्या वळते, निपाणी. वडील, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आजोबांची तंबाखूची शेती होती. वरिष्ठांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. संध्याकाळी तळ्याच्या काठानं घरी चालत येताना वाटलं, तुझ्या कामाचं नाव एखाद्या सरकारी कागदावर मी पहिल्यांदाच लिहिलं. आपल्या गावात ते कुणी लिहिलंच नव्हतं.

ठेकेदाराच्या हजेरीबुकात तुझं नाव नव्हतं, आई. विडी कामगारांसाठी १९६६ मध्येच कायदा झाला होता आणि घरी बसून विडी वळणारी बाईही त्यात कामगारच होती. विडीधंद्याला प्रॉव्हिडंट फंड १९७७ पासून लागू आहे. हे मला लॉ कॉलेजला, बेळगावात, पहिल्या वर्षी पुस्तकात सापडलं. त्या शनिवारी एसटीनं घरी येताना सारखं मनात येत होतं की कायदा माझ्या जन्माआधीचा, आणि आपल्या गल्लीतल्या कितीतरी बायकांना त्याचा पत्ताच नाही. तुझ्या विड्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर मांडल्या जायच्या. तू मात्र तुझ्या लाल वहीत रोजचा आकडा लिहायचीस. आज आठशे, छाट चाळीस. आज हजार, छाट साठ. छाट म्हणून फेकलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि पान-तंबाखू कमी भरला तर तो तुझ्याच अंगावर. मी आकडे शिकले ते त्या वहीवर.

आणि वकिली शिकले ती गल्लीत. बँकेचे, तहसीलचे, कामगार खात्याचे कागद कानडीत यायचे. शाळेत कानडी शिकलेली मी, म्हणून सगळ्या बायका आपल्या सोप्यात येऊन बसायच्या. पानं भिजवलेल्या ओल्या पोत्याचा वास, पत्र्याचा फर्मा, कातरीची करकर, आणि मी मधे बसून वाचतेय. एकदा शेजारच्या अक्कानं ज्या कागदावर अंगठा दिला होता, त्यात "माझी कुठलीही बाकी राहिली नाही" असं लिहिलेलं निघालं. तिला कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. मी बारा वर्षांची असेन. कागदावर काय लिहिलंय आणि ते कुठल्या भाषेत लिहिलंय, यावर माणसाची भाकरी ठरते, हे सीमाभागातल्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता इथलं काम. जागतिक आरोग्य सभेनं हा करार २१ मे २००३ रोजी मंजूर केला, भारत २००४ मध्ये त्यात आला आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. आज १८३ पक्ष त्यात आहेत, म्हणजे जगातले जवळजवळ सगळे देश आणि युरोपीय संघ. करार सहा भाषांत आहे आणि सहाही प्रती सारख्याच खऱ्या. ठराविक वर्षांनी सगळे देश एकत्र बसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथं जिनिव्हातच अकरावी बैठक झाली. ज्या शब्दावर एकमत नाही तो मसुद्यात चौकटी कंसात ठेवतात. रात्री अकराला भिंतीवरच्या पडद्यावर पान उघडं असतं, त्यात वीस-वीस कंस असतात, आणि दोनशे माणसं एका क्रियापदावर अडून बसलेली असतात. "करतील" की "करावं"? एकात बंधन आहे, दुसऱ्यात सल्ला. एखाद्या देशाचा प्रतिनिधी वळून विचारतो, असं लिहिलं तर आमच्यावर काय जबाबदारी येते? त्याला नेमकं उत्तर देणं हे माझं काम. फ्रेंच आणि स्पॅनिश प्रतीत अर्थ सरकला तर तो पकडणं हेही. मला मत नाही. कराराचं कामकाज बघणाऱ्या कचेरीतल्या, म्हणजे सचिवालयातल्या, माणसानं बाजू घ्यायची नसते. मी सगळ्यांच्या मधे बसून कागद वाचते, सोप्यात बसायची तशीच.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक हकीकत सांगते. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा छोटा देश आहे, आपल्या बेळगाव जिल्ह्याएवढीही त्याची लोकसंख्या नाही. त्यांनी सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यानं झाकायला लावला. २०१० मध्ये फिलिप मॉरिस कंपनीनं त्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढं खेचलं. सहा वर्षं खटला चालला, आणि जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला. आमच्या सचिवालयानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं लवादाला लेखी म्हणणं दिलं होतं, निकालात त्याची दखल आहे. ते निकालपत्र वाचताना मला तुमचं १९८१ आठवत होतं. पुणे-बंगळूर रस्त्यावर शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी बसलेले शेतकरी, त्यात आजोबा आणि तुम्ही, आणि मी आईच्या कडेवर. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. त्या रात्री तुम्ही उशिरा घरी आलात आणि दाराला कडी न लावताच बसून राहिलात, हे आईनं मला कितीदा सांगितलंय. म्हणूनच सांगते, शेतकऱ्याच्या विरोधात जाणाऱ्या कामावर तुमची लेक बसणार नाही.

करारात १७वं कलम आहे. तंबाखू पिकवणारे, तंबाखूत काम करणारे आणि किरकोळ विकणारे यांना परवडेल अशा दुसऱ्या उदरनिर्वाहाला देशांनी चालना द्यायची, असं ते म्हणतं. अठरावं कलम तंबाखूच्या शेतीत आणि कारखान्यात पर्यावरण आणि माणसांचं आरोग्य जपण्याचं. आजी खुडणीच्या दिवसांत सकाळी दवात रानात जायची आणि दुपारी ओकाऱ्या काढत घरी यायची. सगळे म्हणायचे, ऊन लागलं. ते ऊन नव्हतं. ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. ते मी इथं वाचलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सतराव्या कलमात "कामगार" हा शब्द आहे, आई. म्हणजे तू. पण त्याच वाक्यात "जसं योग्य असेल तसं" असेही शब्द आहेत, आणि ते मला टोचतात. योग्य काय, हे प्रत्येक सरकारनं आपलं ठरवायचं. २०१४ मध्ये मॉस्कोच्या बैठकीत या कलमासाठी शिफारशी मंजूर झाल्या. शिफारस म्हणजे सल्ला, बंधन नाही.

२०१६ ची बैठक भारतात झाली, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात. तंबाखू शेतकरी निषेधाला आले होते. मी ओळखपत्र गळ्यात घालून गाडीत बसून आत गेले. त्यांच्यात कुणी आपल्याकडचं आहे का, ते काचेतून बघत होते. बैठक चालू असतानाच ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटा रद्द झाल्या. दोन दिवसांनी तुझा फोन आला: "ठेकेदाराकडं सुटं न्हाई, हप्ता न्हाई." सकाळी आम्ही उदरनिर्वाहाच्या मसुद्यातल्या कंसांवर बोलत होतो, आणि तुझ्या डब्यातलं पीठ संपत आलं होतं. त्या दिवशी माझी मजुरी मला फार जड झाली. तुला पैसे पाठवले, पण गल्लीतल्या बाकीच्या बायकांचं काय झालं ते विचारायचं धैर्य झालं नाही.

म्हणून, आई, गल्लीत कुणी विचारलं तर सांग. विड्या बंद करायला माझी लेक एकटी पुरी पडणार नाही, आणि विडी कमी होत जाणारच आहे. पोरं सिगारेट धरतात, लेकी-सुना सुपावर बसायला तयार नाहीत आणि ते चांगलंच आहे. ती कमी होईल तेव्हा तीस-तीस वर्षं वळलेल्या हातांचा हिशेब कुणी करायचा, हा प्रश्न आहे. हिशेब करायचा तर आधी मोजायला हवं, आणि मोजायचं तर नाव कागदावर हवं. आमच्या करारात शब्द आहे, देशाच्या कायद्यात शब्द आहे, आणि ठेकेदाराच्या बुकात तुझं नाव नाही. हे अंतर जिनिव्हातून कापता येत नाही. ते निपाणीतच कापायला लागेल.

बेळगावात माझी कॉलेजची मैत्रीण कामगार न्यायालयात वकिली करते. तिला मी विचारलंय, घरी लिहिलेल्या वह्या पुरावा म्हणून चालतात का. ती म्हणाली, तारखा सलग असतील आणि पैसे दिल्याची कुणाची सही किंवा खूण असेल तर निदान मागणीला सुरुवात करता येईल. तुझ्या वहीत दर हप्त्याला ठेकेदाराच्या माणसाची तिरकी रेघ असायची, मला लख्ख आठवतेय. अक्काच्या, पलीकडच्या मावशींच्या घरी अशा वह्या असतील तर त्याही विचार. सक्ती करू नकोस, भीतीही वाटेल त्यांना.

बाबा, खोकला अजून आहे असं आईच्या बोलण्यावरून वाटलं. वखारीत तंबाखूची बोदं, म्हणजे गाठोडी, उचलायचं सुटून किती वर्षं झाली, तरी ती भुकटी छातीत बसलेली असते. बेळगावला जाऊन छातीचा फोटो काढून घ्या. पैसे पाठवते, काटकसर नको.

मी मार्चमध्ये येते, पंधरा दिवसांसाठी. तोवर लाल वह्या माळ्यावर टाकू नका, तिथं उंदीर आहेत. पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. सगळ्यात जुनी वही पहिल्यांदा शोधा, तिच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीनं पाढे लिहिलेत.

तुमची,
बाळी