आमच्या खुराड्याचा पाया घालून देणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच पावसापाण्याचं विचारता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

आमचं परभणीकडचं रान म्हणजे खोल काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, अन् मृग लागला की तीच माती फुगून वर येते. आधीच्या खुराड्याच्या मेढी याच मातीने हलवल्या, जाळी एका कोपऱ्यात सुटली आणि मुंगसाने अंड्यावर बसलेली कोंबडी नेली. घरात सगळे म्हणत होते, मेढी जाड घ्या. तुम्ही आलात, पहार घालून बघितली आणि म्हणालात, "ताई, मेढीत काही खोट नाही. ही जमीन पाणी प्याली की फुगती, ऊन लागलं की आवळती. आपल्याला हिच्या खाली जायचंय."

मग मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले. तळाला रुंद, वर अरुंद, म्हणजे फुगणाऱ्या मातीला मेढ वर उचलता येऊ नये. आमचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने सांगितलं की रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या इमारतींसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, विकसित केले, ते याच तत्त्वावर. तुम्ही ते आमच्या दहा बाय सहाच्या खुराड्याला लावलंत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाभळीच्या मेढींची साल तुम्ही स्वतः बसून काढलीत, कारण किडा सालीखालीच घर करतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि वर वीतभर डांबर फासलंत. खाली खडी, भोवती एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असं काँक्रीट, आणि वरचं तोंड मेढीपासून बाहेर उतरतं, पाणी बुंध्याशी थांबू नये म्हणून. मेढ सरळ उभी आहे ना हे बघायला प्रत्येक मेढीला दोन बाजूंनी ओळंबा लावलात. कोपरे काटकोनात यावेत म्हणून दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत दोरी हलवत राहिलात. भर उन्हात! मी चहा घेऊन उभी, आणि तुम्ही म्हणताय, "अजून बोटभर फरक हाय."

जोत्यात काळी माती एक घमेलंसुद्धा पडू दिली नाहीत. सगळा मुरूम, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकलेला. अर्ध्या इंची जाळी फूटभर खाली गाडून बाहेर वळवलीत, कारण उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं. लांब बाजू पूर्व-पश्चिम धरलीत, त्यामुळे दुपारचं ऊन आत कमी येतं.

यंदाच्या पावसात अंगणात पाणी साचलं, कुंपणाचे खांब कलले. खुराड्याचं दार मात्र आजही एका बोटाने लागतं. कडेला मुंगसाने उकरल्याच्या खुणा आहेत, पण आत ते शिरलेलं नाही. कोंबड्या निवांत रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसतात. अंड्यांच्या पैशातून सासूबाईंची औषधं येतात, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

मुलाला तुम्ही ओळंबा धरायला शिकवलंत. मजुरी घेतलीत तीही ठरल्यापेक्षा कमी. ते मला पटलेलं नाही, राहिलेले पैसे पोचते करणार आहे.

शेजारच्या काकूंनाही असंच खुराडं हवंय. जागा आखून ठेवलीय, बाभूळ तोडून वाळत घातलीय. दिवाळी झाली की या, त्याआधी मुरमाची एक ट्रॉली टाकून घेतो.

तुमची,
खालच्या आळीतली ताई