धेंपोचा सामना कुठे आहे, तेवढे छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका दुपारी भाटल्याहून दोन बसगाड्या बदलून मी धेंपो या आपल्या गोव्याच्या फुटबॉल क्लबचा सामना पाहायला गेलो. माझे वय ६८. हातात छत्री, खिशात चण्यांची पुडी. पोहोचलो तर फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, "मॅच हांगा ना, दुसऱ्या मैदानार आसा." बदल आदल्या रात्री फोनवर जाहीर झाला होता. ज्याच्या फोनमध्ये ते येते, त्याला कळले. मी मैदानाचे नाव घेत नाही, कारण हे पत्र कुणाच्या तक्रारीचे नाही. मला माझ्या रोजच्या वर्तमानपत्राकडे एक मागणे मागायचे आहे. ते का मागतो, हे कळावे म्हणून थोडे मागचे सांगतो.

माझे वडील मांडवी नदीत धेंपो कंपनीचे खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला होते. आमच्या घरी धेंपोचा संघ आला तो तिथून. ज्याचे मीठ खातो त्याचा संघ, असा तेव्हा सरळ हिशेब होता. शेजारच्या घरातला मुलगा साळगावकर कंपनीत लागला आणि एका रात्रीत ते घर साळगावकरवाले झाले. वास्कोत वास्को क्लब, सेझाच्या खाणींच्या बाजूला सेझा. खेळाडूंनाही कंपनीत नोकरी असायची. रविवारी गोल मारणारा सोमवारी कचेरीत रजिस्टर उघडून बसलेला दिसायचा, आणि त्याला तोंडावर सांगता यायचे की काल तू ती संधी घालवायला नको होतीस. तो ऐकूनही घ्यायचा.

कांपालच्या मैदानावर वडिलांनी मला पहिल्यांदा नेले तेव्हा मी आठवीत होतो. आम्ही दोरीला लागून जमिनीवर बसलो. चेंडू बाहेर आला की तो परत फेकण्यासाठी पोरांची झुंबड उडे. त्या दिवशी एकदा तो माझ्या हातात आला. ओला होता, चिखलाने जड झालेला. तो स्पर्श मी आजही विसरलेलो नाही. परत येताना रस्त्यात प्रत्येक दारातून, प्रत्येक सोप्यावरून एकच प्रश्न: "कोण जिखलो?" म्हणजे कोण जिंकले? आणि नुसते उत्तर देऊन सुटका नव्हती. गोल कुणी मारला, कुणाच्या पासवर, गोलरक्षक कुठे उभा होता, सगळे सांगावे लागे. घरी पोहोचेपर्यंत सामना चारपाच वेळा खेळून झालेला असे. मला वाटते, संघाचा माणूस असणे म्हणजे काय, ते मी त्या रस्त्यावर शिकलो.

पुढे कॉलेजात गेल्यावर मडगावचे आणि वास्कोचे सामने सुरू झाले. झुआरीवर पूल नव्हता, तो १९८३ साली खुला झाला. त्याआधी आगशीला उतरायचे, फेरीबोटीने कुठ्ठाळीला जायचे, तिथून पुढची बस. सामना संपल्यावर फेरीसाठी जी रांग लागे, तिच्यात दोन्ही संघांची माणसे एकमेकांना खेटून उभी असायची. शिवीगाळ झालेली मी ऐकली आहे, हातघाईवर आलेले पाहिले आहे, आणि फेरी सुटल्यावर त्याच माणसांनी एका पुडीतले दाणे वाटून खाल्लेलेही पाहिले आहेत. ज्या दिवशी जाता येत नसे, त्या दिवशी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरचे वर्णन. रेडिओ खिडकीत ठेवायचा आणि खाली अंगणात आठदहा जण.

त्या वर्षांत आम्हा धेंपोवाल्यांच्या वाटेतला डोंगर म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकरचा गोलरक्षक. आमचे किती गोल त्याने अडवले याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण राग खूप होता. आणि तोच ब्रह्मानंद गोव्याचा कर्णधार होऊन १९८४ मध्ये संतोष करंडक घेऊन आला, तेव्हा तो आमचाही झाला. त्यात काही अवघड वाटले नाही. पुढे ब्रुनो कुतिन्होच्या बाबतीतही असेच झाले. साळगावकरच्या जर्सीत नको वाटायचा, देशाच्या जर्सीत डोळे भरून पाहायचा.

१९८९ मध्ये फातोर्ड्याचे स्टेडियम झाले आणि दोरीजवळची जागा गेली. मला तेव्हा वाईट वाटले होते. ते वाईट वाटणे चुकीचे होते, हे आज मान्य करतो. गॅलरीत बसल्यावर पहिल्यांदा पूर्ण मैदान दिसले. बचावफळी एका रेषेत पुढे सरकते म्हणजे काय, ते मला वयाच्या तिशीनंतर कळले.

मग आमचे दिवस आले. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, डावीकडे क्लिफर्ड मिरांडा, मागे महेश गवळी आणि समीर नाईक. ही आमची, इथली मुले. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच वेळा धेंपोने देशाची लीग जिंकली. शेवटच्या त्या हंगामात एकट्या रँटीने ३२ गोल केले. त्याच काळात चर्चिल आणि साळगावकर हे गोव्याचेच क्लबही जिंकले. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे भारताचा विजेता गोव्याचा होता. कोलकात्याचे मोठे क्लब, त्यांची लाखांची गर्दी, त्यांचा शंभर वर्षांचा इतिहास, आणि सात वर्षे करंडक या एवढ्याशा राज्यात. आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती आधी फोनमध्ये तपासून पाहतात. तपासू देत. नोंद आहे.

त्या यशाच्या तोंडाशीच ५ डिसेंबर २००४ आहे. रविवार होता. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. आमच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दोन्ही गोल केले आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. पुन्हा उठला नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा, ब्राझीलहून आलेला, आमच्यात जेमतेम काही महिने काढलेला. करंडक आम्ही जिंकला होता. भाटल्यात त्या संध्याकाळी कुणी फटाके लावले नाहीत. माझ्या वडिलांना तेव्हा नीट ऐकू येत नसे. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कोण जिखलो?" मी काय सांगायचे? धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आजही संघ मैदानात उतरला की मी पाठीवरचे आकडे पाहतो, आणि १० नाही हे पाहून बरे वाटते.

त्यानंतर जे बदलले ते झपाट्याने. २००९ मध्ये धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय सेझा गोवाला विकला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणीच बंद पडल्या. ज्या बार्जमुळे आमच्या घरात संघ आला, ती नदीकाठाला गंजत उभी राहिली. २०१४ ला इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवा जन्माला आला. सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांची माणसे होती, म्हणजे ज्यांच्या नावाने आम्ही भांडलो ती नावे एका संघामागे आली. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने सुपर लीग वर आणि आय-लीग, म्हणजे आम्ही जिंकलेली देशाची लीग, खाली अशी नवी रचना मांडली, तिला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. क्लबांची बाजू मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. मैदानावर न हरता खालच्या पायरीवर जाऊन बसा, असे कुणी सांगितले तर कोण ऐकेल? पण आमच्यासारख्यांचे काय झाले, ते कुठे छापून आले नाही. शनिवार-रविवारी कुठे जायचे, हाच प्रश्न पडला.

लोक म्हणतात, गोव्याची नवी पिढी फुटबॉलपासून दूर गेली. हे खरे नाही. माझा नातू सोळा वर्षांचा आहे. तो इंग्लंडच्या आर्सेनलचा आहे आणि एफसी गोवाचाही. युरोपातल्या सामन्यासाठी रात्री दीडला गजर लावून उठतो, आवाज बंद करून पाहतो, सकाळी शाळेत जातो. माझ्या काही मित्रांना हे नाटक वाटते. मला वाटत नाही. मी फेरीच्या रांगेत दोन तास उभा राहायचो, तो झोप मोडतो. २०२०-२१ मध्ये, करोनाच्या काळात, सुपर लीगचा संपूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तिन्ही ठिकाणी प्रेक्षकांविना झाला. देशातले सगळे संघ आमच्या दारात आणि आम्ही घरात. तेव्हा त्यानेच मला त्याच्या फोनवर सामने दाखवले. सामना चालू असताना तो केरळच्या आणि बंगालच्या मुलांशी लिहून वाद घालत होता. ती त्याची फेरीची रांग.

२०२५ च्या ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ, एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्यावर आला. तिकिटे रोनाल्डोसाठी खपली होती आणि रोनाल्डो आलाच नाही. नातू मला घेऊन गेला. दोन गोलांनी मागे असताना ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला. ब्रायसन आमचा, गोव्याचा. तो गोल झाला तेव्हा रोनाल्डोसाठी आलेली ती सगळी पोरे ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी ओळखतो. कांपालला ऐकलेला आहे. सामना आम्ही १-२ असा हरलो.

म्हणून मी म्हणतो की प्रेम गेलेले नाही. वरचे टोक आहे, फातोर्डा आहे, युरोप आहे. खालचे टोकही आहे, भात कापून झाल्यावर शेतात गोलपोस्ट उभे राहतात आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, स्पर्धांना अख्खा गाव लोटतो. रिकामे पडले आहे ते मधले. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, वास्को, हे क्लब राज्याच्या लीगमध्ये खेळतात. धेंपो तर २०२४ मध्ये बढती मिळवून पुन्हा आय-लीगमध्ये पोहोचला. पण राज्य लीगचा सामना कामाच्या दिवशी भर दुपारी असतो, आणि गॅलरीत खेळाडूंचे आईबाप, दोन पत्रकार आणि माझ्यासारखे वीसेक म्हातारे. उद्याचा ब्रायसन या मैदानावरच असतो. नातवाला आर्सेनलच्या राखीव खेळाडूंची नावे पाठ आहेत, धेंपोच्या उजव्या बगलेला कोण खेळतो ते ठाऊक नाही. दोष त्याचा नाही. त्याला ते कुठे दिसावे?

आणि इथे तुमचा संबंध येतो, संपादक महोदय. पूर्वी आपल्या मराठी वर्तमानपत्रांत सामन्याच्या सकाळी चौकट असायची: संघ, मैदान, वेळ. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे अकरा खेळाडू, गोल कुणी कितव्या मिनिटाला केला, पंच कोण. माझ्या वडिलांनी ती कात्रणे पिठाच्या खळीने वहीत चिकटवली आहेत. आठ वह्या माझ्याकडे आहेत. माझ्या आयुष्यातल्या फुटबॉलची जी काही खात्री मला आहे, ती त्या वह्यांमुळे. आज क्रीडा पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मँचेस्टरचा फोटो असतो, तो नातवाने आदल्या रात्रीच पाहिलेला असतो. राज्य लीगचा निकाल खाली दोन ओळींत, खेळाडूंच्या नावांशिवाय. काही दिवशी तोही नसतो.

तर मागणे एवढेच. दर सोमवारी त्या आठवड्यातल्या राज्य लीगच्या सामन्यांची एक चौकट द्यावी: तारीख, वेळ, मैदान. बदल झाला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी एक ओळ. आणि निकालासोबत दोन्ही संघांची बावीस नावे. तीन इंच जागा पुरेल, मी वह्यांतली जुनी कात्रणे पट्टीने मोजून पाहिली आहेत. हवी असल्यास त्या वह्या कचेरीत आणून दाखवीन, फक्त परत मिळाव्यात.

आपला,
एक जुना धेंपोवाला
भाटले, पणजी