शियांग यूचा घात दैवाने केला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन चीनमधील सेनानी शियांग यू याच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. त्याचा पराक्रम लेखकाने उत्तम रंगवला आहे; परंतु शेवटाकडे येताना ‘दैवाने दगा दिला’ एवढ्यावर विषय संपवला, हे पटले नाही. दैवाला दोष देणारे हे म्हणणे मुळात शियांग यूचेच होते आणि त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी त्याचे चरित्र लिहिणाऱ्या सिमा छ्येन या इतिहासकाराने ते तेव्हाच खोडून काढले होते.

इ.स.पू. 209 मध्ये छिन साम्राज्याविरुद्ध बंड झाले, तेव्हा चू राज्यातील सेनापतींच्या घराण्यातला हा तरुण पंचविशीचाही नव्हता. दोन वर्षांनी जूलूच्या लढाईत नदी ओलांडताच त्याने नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि केवळ तीन दिवसांचा शिधा बरोबर घेऊन छिनच्या फौजेवर चालून गेला. इतर सरदार आपापल्या तटांवरून नुसते पाहत राहिले होते. विजयानंतर तेच त्याच्या छावणीत गुडघ्यांवर सरकत आले.

माझ्या मते त्याची उतरण इ.स.पू. 206 मध्ये, म्हणजे तो सर्वांत बलाढ्य असतानाच सुरू झाली. शरण आलेल्या दोन लाख छिन सैनिकांची त्याने कत्तल केली, असे इतिहासकार नोंदवतो. राजधानी शियानयांगमध्ये शिरल्यावर त्याने शरणागत राजाला ठार मारले आणि राजवाडे पेटवून दिले. चहूबाजूंनी डोंगर-नद्यांचे संरक्षण असलेला राजधानीभोवतीचा सुपीक प्रदेश सोडू नये, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्यावर तो म्हणाला, की वैभव मिळवून गावी न परतणे म्हणजे जरीचे वस्त्र लेऊन रात्रीच्या अंधारात फिरणे होय.

आमच्या घराच्या दोन पिढ्या सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर गेल्या. साडी मागावरून उतरली की वडील ती दारात नेत आणि पदर उन्हात धरून जर निरखत, त्यामुळे त्या वाक्यामागची ओढ मला मनापासून कळते. परंतु तेवढ्या ओढीपायी त्याने आपली राजधानी पूर्वेकडे पेंगचेंगला नेली, सारा मुलूख 18 राजांमध्ये वाटला आणि दूरच्या डोंगराळ भागात धाडलेला त्याचा प्रतिस्पर्धी ल्यू बांग काही महिन्यांतच परत येऊन नेमका तोच सोडलेला सुपीक प्रदेश बळकावून बसला.

लढाईत शियांग यू कमी पडला नाही. इ.स.पू. 205 मध्ये 30 हजार निवडक सैनिकांनिशी त्याने ल्यू बांगच्या 5 लाख 60 हजारांची दाणादाण उडवली, असा वृत्तांत आहे; आकडा फुगवलेला असेल, पण विजय खरा आहे. तो कमी पडला माणसे सांभाळण्यात. त्याच्या पदरी साधा भालदार असलेला हान शिन पुढे ल्यू बांगचा सेनापती झाला. त्याने सांगितले आहे, की सैनिक आजारी पडला तर शियांग यू डोळ्यांत पाणी आणून आपल्या ताटातले त्याला देई. मात्र कोणाला जहागिरी द्यायची वेळ आली की तयार शिक्का हातात घोळवत राही, इतका की त्याच्या कडा झिजून जात, तरी तो हातातून सुटत नसे. साक्ष विरोधी गोटातली आहे हे खरे, पण तो चांगुलपणाही लपवत नाही, म्हणून मी ती मानतो. फान झेंग हा एकच मुरब्बी सल्लागार उरला होता, त्याच्यावरही संशय घेतल्याने तो रागाने निघून गेला आणि वाटेतच वारला.

इ.स.पू. 202 मध्ये गायश्या येथे त्याला वेढा पडला आणि रात्री शत्रूच्या छावणीतून चू प्रांताची गाणी ऐकू येऊ लागली, तेव्हा आपली माणसे तिकडे गेल्याचे त्याला उमगले. यांगत्से नदीकाठी वूजियांग येथे एक जण नाव घेऊन थांबला होता. ज्या 8 हजार तरुणांना घेऊन ही नदी ओलांडली, त्यांतला एकही परतत नाही, मग त्यांच्या आईवडिलांना कोणत्या तोंडाने भेटू, असे म्हणून त्याने आपला घोडा नाववाल्याला दिला आणि लढता लढता स्वतःचा गळा चिरला. त्याच्या देहाचे तुकडे घेऊन आलेल्या पाचही जणांना ल्यू बांगने जहागिऱ्या देऊन टाकल्या.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग ल्यू बांगवर आहे, असे पुरवणीत म्हटले आहे. त्यात हान शिनची ही शिक्क्याची साक्ष अवश्य यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर