हायब्रिड घेण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तू सायकल घेतोयस हे वाचून इतका आनंद झाला की लगेच उत्तर लिहायला बसलो. सरळ हँडलची हायब्रिड सायकल आरामाची म्हणून रोड बाईकऐवजी तुझं मन तिच्याकडे ओढ घेतंय, आणि मला तुला नेमकं तिथेच अडवायचंय.

आराम आहेच, पण तो तासाभराचा. पाठ ताठ, नजर समोर, ब्रेक बोटाशी. रहदारीत याहून चांगलं काही नाही. पण दर रविवारी 70-80 किलोमीटर जायचं म्हणतोस ना? सरळ हँडलवर हात ठेवायला खरं तर एकच जागा. दोनेक तास झाले की तळहाताच्या कडेची नस दबून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ लागतं. मग एकेक हात सोडून झटकत बसायचं. रोड बाईकच्या वळणदार हँडलवर चढाला वरची दांडी धरायची, एरवी ब्रेकच्या मुठींवर, म्हणजे हूडवर हात टेकवायचे, वारा समोरून आला की खालच्या वळणात शिरायचं. जागा बदलत राहिली की हात, खांदे, कंबर सगळ्यांनाच विसावा मिळतो.

वाऱ्याचंही तसंच. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्यात सायकलीपेक्षा आपल्या अंगाचा वाटा कितीतरी मोठा. ताठ बसून ताशी 25 चा वेग टिकवताना दम का निघतो, ते यावरून कळेल.

राहिलं ऑफिसला जाणं. तेवढ्याशा अंतराला कुठलीही सायकल चालते, तेव्हा निवड रविवारवरून कर.

मात्र शर्यतीची रोड बाईक घेऊ नकोस. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारची बघ, तिचं हँडल जरा उंच आणि जवळ असतं. 32 मिमी रुंदीचे टायर बसतील एवढी जागा हवीच. 25 मिमीच्या टायरमध्ये दाबून हवा भरली की खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मनगटात जाणवतो. पुढे पॅडलपाशी 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या आणि मागच्या चाकाला 34 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असली की सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते. लांब चढाला हा गिअर फार उपयोगी पडतो. कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं आहेत ना, तेही बघून घे.

आधी हायब्रिड घेऊन पुढे हँडल बदलू, हा विचार सोड. ब्रेकच्या मुठी, गिअर बदलायचे शिफ्टर सगळंच बदलावं लागतं, आणि हायब्रिडची फ्रेम लांब असल्याने तरीही हात ताणलेलेच राहतात. एवढं सांगूनही हायब्रिडच घेणार असशील, तर निदान पुढे शॉकअप नसलेली घे. त्याचं वजन उगाच चढावर ओढावं लागतं.

दुकानात नुसती एक चक्कर मारून ठरवू नकोस. अर्धा तास तरी चालव. हूडवर हात ठेवल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. ती ताठ होत असतील तर लहान साइज मागून बघ. काय झालं ते लगेच कळव.

तुझाच,
मित्र