पाळी चुकली म्हणजे पीसीओडीच, असे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गावांत परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. पाळी अनियमित झालेल्या मुलीच्या सोनोग्राफीत बीजांडकोशात बारीक गाठी दिसल्या, की 'पीसीओडी' (संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा बीजांडकोशाचा विकार) हे निदान पक्के धरले जाते. वास्तविक 2003 साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील गाठी या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळाव्या लागतात, आणि त्याही थायरॉईड व प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध आणणारे संप्रेरक) यांचे विकार वगळल्यानंतरच ग्राह्य धरायच्या असतात.

हनुवटीवर राठ केस आणि चेहऱ्यावर पुरळ असेल तर पीसीओडीचा संशय रास्त आहे. मात्र पाळी थांबली आहे आणि मूल अंगावर पीत नसतानाही स्तनांतून दूध येते, अशा वेळी आधी प्रोलॅक्टिन पाहिले पाहिजे. हे लक्षण स्त्रिया लाजेपोटी आईलाही सांगत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांनीच विचारायला हवे. चाळिशीच्या आत पाळी थांबून अंगातून गरम वाफा येत असतील, तर बीजांडकोशाचेच कार्य मंदावले आहे का, हे एफएसएच या संप्रेरकाच्या रक्ततपासणीवरून कळते.

प्रोलॅक्टिन वाढलेले आढळले तरी लगेच मेंदूतील गाठीची धास्ती घेऊ नये. गर्भधारणा नाही ना, याची खात्री सर्वांत आधी करावी. थायरॉईडचे काम मंदावले असेल तरीही प्रोलॅक्टिन वाढते आणि थायरॉईडच्या गोळ्यांनी ते खाली येते. आपल्याकडे पित्तावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते. ही दोन्ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मानसिक आजारावरील काही औषधांचाही हाच परिणाम होतो, पण ती स्वतःहून कधीही बंद करू नयेत.

पहाटेची एसटी गाठून, धावतपळत प्रयोगशाळेत पोहोचलेल्या बाईचे रक्त तिथल्या तिथे घेतले, तर झोपेतून नुकते उठल्यामुळे आणि दगदगीमुळेही आकडा थोडा चढलेला येऊ शकतो. गरोदर नसलेल्या स्त्रीत तो साधारणपणे 25 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतो. किंचित वाढ दिसल्यास थोडी विश्रांती देऊन पुन्हा तपासणी करावी, म्हणजे एमआरआयसाठी कोल्हापूर-मुंबईचा खर्च कित्येकींना वाचेल. आकडा 200 च्या पुढे गेला, डोके सतत दुखू लागले किंवा कडेचे दिसेनासे झाले, तर मात्र एमआरआय टाळू नये. मेंदूच्या तळाशी असलेल्या, प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पियुषिका ग्रंथीची ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी बहुतेकींची गाठ आक्रसते.

लग्नानंतर मूल होत नाही म्हणून ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, त्याला माझा आक्षेप नाही. त्याच्या जोडीने टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्या व्हाव्यात, आणि डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, पित्ताच्या गोळ्यांसकट, सोबत न्यावीत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, देवगड